तीन शेल, दोन व्हर्जन आणि मी

२ फेब्रुवारी, सोमवार

हिचा पेपर परत आला. नाकारलेला नाही, दुरुस्त्यांसाठी आला आहे. हिच्या मते ही आनंदाची बातमी. संशोधनाच्या जगात आनंदाची व्याख्या बरीच खाली आणून ठेवलेली दिसते.

विषय गांडुळं. मातीतल्या ओलाव्याचा आणि गांडुळांचा काय संबंध, यावर ही पीएचडी करते आहे. हा पेपर छापून आला तर प्रबंध पुढे सरकेल, नाही तर विद्यापीठाची मुदत संपेल. मुदतवाढ एकदा घेऊन झाली आहे, दुसरी देत नाहीत. परीक्षकाचं म्हणणं असं: जुनी आकडेमोड जशीच्या तशी पुन्हा करून दाखवा, एक नवी चाचणी लावा, आणि फेब्रुवारीचा ओलावाही जोडा. सगळं पंधरा मार्चपर्यंत.

अडचण अशी की जुनी आकडेमोड हिच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या व्हर्जनवरच चालते आणि नवी चाचणी फक्त नव्या व्हर्जनवर. म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही हवीत. पेपर तिघांच्या नावावर असल्यामुळे तिघांच्या कॉम्प्युटरवर हवीत: ही, हिच्या गाइड बाई आणि लॅबमधला एक सहकारी.

जेवताना हे ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. मी अठरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. लिफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, पण सॉफ्टवेअर ते सॉफ्टवेअर. घरात मी असताना हिने काळजी करावी, याचं वाईट वाटलं. म्हणालो, "हे माझ्यावर सोड."

ही म्हणाली, "सोडण्यासारखं काही नाही रे. छोटंसं काम आहे, करेन मी."

हिचा स्वभावच असा. मदत मागत नाही. आपण ओळखून करावी लागते.

संकल्प: दोन दिवस. फार तर तीन.

३ फेब्रुवारी

या कामासाठी जे साधन लागतं त्याला व्हर्जन मॅनेजर म्हणतात. एक हुकूम दिला की जुनं व्हर्जन पुढे, दुसरा दिला की नवं पुढे. तयार मिळतात, फुकट मिळतात. चार-पाच पाहिले. एक हळू आहे. एकाची माहिती वाचायला आठवडा लागेल. एकाचं नाव उच्चारता येत नाही. शिवाय सगळे दुसऱ्यांनी लिहिलेले.

स्वतःचा लिहिणार.

आज झालेलं काम: नाव ठरलं, 'एकमत'. चिन्हही काढलं, एकावर एक ठेवलेले तीन हात. सासऱ्यांना दाखवलं. ते सध्या आमच्याकडेच असतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, तिन्ही हात एकाच माणसाचे वाटतात. मग प्रत्येकाला वेगळा रंग दिला. आता तीन आजारी माणसांचे वाटतात, असं म्हणाले.

कोड उद्या.

४ फेब्रुवारी

लिहिला. चालवला. स्क्रीनवर ठळक अक्षरांत आलं, 'आता नवं व्हर्जन सुरू.' तपासलं तर जुनंच. पुन्हा चालवला. पुन्हा तेच अभिनंदन, पुन्हा जुनंच.

दुपारी कारण सापडलं. आपण हुकूम टाइप करतो त्या काळ्या खिडकीतला जो कारभारी, त्याला शेल म्हणतात. शेलमधून प्रोग्रॅम चालवला की तो शेलचं पोर होतो. आता पोराने परगावी जाऊन आपलं नाव बदललं म्हणून घरी बापाचं नाव बदलत नाही. तेव्हा एकमतला बाहेरून चालवून उपयोग नाही. शेल उघडताना जी फाइल वाचतो तिच्यातच त्याला कायमचा मुक्कामी ठेवायला हवा. घरजावयासारखा.

सासऱ्यांना ही उपमा दिली. म्हणाले, "इथे जरा उलटं आहे."

संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवर चाललं. माझं शेल बॅश. नव्वद टक्के काम झालं असं म्हणायला हरकत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ९

ही आंघोळीला गेली आहे. तेवढ्यात हिच्या लॅपटॉपवर एकमत बसवलं. सरप्राइज.

सकाळी ९.४०

सरप्राइज झालं.

हिचं शेल झेड-शेल. कुठलाही हुकूम द्या, उत्तर एकच: सापडत नाही. फाइलींची यादी दाखव. सापडत नाही. आजची तारीख सांग. सापडत नाही. हिला दहाच्या आत बाईंना नवा आलेख पाठवायचा होता. मी शांतपणे समजावलं की सगळे हुकूम जागच्या जागी आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत जायची वाट पुसली गेली आहे.

ही म्हणाली, "मग मी काय करू? हाका मारू त्यांना?"

संध्याकाळी

झालं असं की एका किरकोळ गोष्टीला मी 'पाथ' असं नाव दिलं होतं, लहान अक्षरांत. सगळे हुकूम कुठे राहतात त्याचे पत्ते असतात मोठ्या अक्षरांतल्या पाथमध्ये. बॅशमध्ये हे दोघे वेगळे. झेड-शेलमध्ये दोघे एकच. म्हणजे मी धाकट्याला टपली मारली आणि थोरला आडवा झाला. यात माझी चूक नाही. अठरा वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. झेड-शेलही पाहिलं नव्हतं, तो भाग वेगळा.

हिने बाईंना फोन करून माफी मागितली आणि मागच्या आठवड्यातला आलेख पाठवला. नंतर मला विचारलं, "लॅपटॉपला हात लावण्याआधी मला विचारलं होतंस?"

म्हणालो, सरप्राइज विचारून देत नाहीत.

एकमतची ओळ हिच्या फाइलीतून दुरुस्ती होईपर्यंत बंद केली. ही अजून काहीतरी सांगत होती, पण मी झेड-शेलची माहिती वाचत होतो.

संकल्प: नावं विचारपूर्वक ठेवणे.

९ फेब्रुवारी

रजा काढली. साहेबांना सांगितलं, घरी संशोधनाचं काम आहे. म्हणाले, "घ्या हो, खुशाल घ्या. तुमच्यावाचून तसं काही अडलेलं नाही." विश्वास म्हणतात तो हा.

रजेचं वेळापत्रक: सहाला उठणे. अर्धा तास फिरणे. सातपासून एकमत. दुपारी झोप नाही.

साडेआठला उठलो, कारण रजा आहे.

११ फेब्रुवारी

हिच्या लॅबमध्ये गेलो. पहिल्यांदाच, आजवर तसं काम पडलं नव्हतं. लांबट खोली. एका भिंतीला मांडणीवर प्लास्टिकचे टब, टबांत माती, मातीत गांडुळं असावीत. ओल्या गोणपाटाचा वास. खिडकीखाली बाईंचा कॉम्प्युटर. खिडकीबाहेर मोकळ्या जागेत मातीचे वाफे आणि मध्ये खांबावर एक करडी पेटी. पेटी ओलावा मोजते आणि रोज सकाळी आकडे आपोआप बाईंच्या कॉम्प्युटरवर पाठवते. तिच्यात चार दिवसांचेच आकडे मावतात, पाचव्या दिवशी जुन्यांवर नवे चढतात. हे सगळं ही मला कौतुकाने सांगत होती. मी तोवर बाईंच्या शेलची फाइल उघडली.

बाई साठीच्या आसपासच्या. कमी बोलतात. शेल बॅश, म्हणजे माझं माहेरच. फाइलीच्या सुरुवातीला कुणीतरी लिहून ठेवलं होतं की समोर माणूस बसलेला नसेल तर इथेच थांब, पुढचं वाचू नकोस. एकमतची ओळ मी त्याच्याही वर टाकली. पहिल्या पानाचा मान पहिल्या पाहुण्याला. शिवाय स्वागताचा संदेश घातला, चौकटीत, ताऱ्यांच्या नक्षीसकट: 'एकमत आपलं मनःपूर्वक स्वागत करत आहे.'

बाईंनी चष्मा लावून वाचला. विचारलं, "हे रोज म्हणणार?"

म्हणालो, दर वेळी.

म्हणाल्या, "अरे वा."

आपल्या कामाची कदर करणारी माणसं भेटली की बरं वाटतं.

१३ फेब्रुवारी

आज सहकाऱ्याचा कॉम्प्युटर. तो फिश नावाचं शेल वापरतो, म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला मासा म्हणतात. दोन मुलांचा बाप, पण रागावत नाही. मला म्हणाला, "कशाला त्रास घेता, मी बघतो ना." म्हणालो, तुम्ही बसा हो.

बॅश आणि झेड-शेल म्हणजे शेजारची दोन घरं. टोमणे वेगळे, पण बोली एकच. फिशची बोलीच निराळी. बॅशमध्ये 'इफ'ने सुरू केलेली गोष्ट 'फाय' म्हणून उलट्या अक्षरांनी संपवावी लागते. फिशमध्ये सरळ 'एंड' लिहितात. इतका सरळपणा मला तरी संशयास्पद वाटतो.

तरी दुपारपर्यंत भाषांतर पुरं केलं आणि एक खास सोय घातली. फोल्डरमध्ये शिरायचा हुकूम सीडी. मी स्वतःचा सीडी लिहिला. तो दारातच बघेल, या फोल्डरला जुनं व्हर्जन हवं की नवं, आणि मग खऱ्या सीडीला हाक मारेल. खऱ्या सीडीचं नावही सीडीच असल्यामुळे हाक माझ्याच सीडीला ऐकू गेली. त्याने दारात बघितलं आणि सीडीला हाक मारली. त्यानेही बघितलं.

माशाने आणखी दोन फोल्डरांत शिरायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "म्हणजे मी आता कुठल्याच फोल्डरमध्ये जाऊ शकत नाही?"

म्हणालो, सध्या नाही.

"मग घरी जाऊ?"

खवचटपणे नव्हता विचारत. गेला.

१६ फेब्रुवारी

फिश दुरुस्त केलं, तर झेड-शेल बिघडलं. झेड-शेल दुरुस्त केलं, तर बॅश. कारण बॅश मोजायला शून्यापासून सुरुवात करतं आणि झेड-शेल एकापासून. यादीतलं एक नंबरचं व्हर्जन मागितलं की बॅश दुसरंच काढून देतं. शून्य नंबरचं मागितलं की झेड-शेल रिकामे हात दाखवतं. तिघांना मिळून एक यादी वाचता येत नाही, आणि यांच्या भरवशावर लोक विज्ञान करतात.

हे हिला सांगितलं. ही म्हणाली, "नाचता येईना," आणि म्हण पुरी न करताच गांडुळांचे फोटो बघत बसली.

सासरे म्हणाले, आमच्या खात्यात तीन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं असली तर तिघांना फोन लावता आला म्हणजे पुरे, तिघांनी एकसारखं वाजलं पाहिजे असा हट्ट नव्हता. पण तो काळ वेगळा.

१९ फेब्रुवारी

सकाळी बाईंचा हिला फोन. पेटीचे आकडे येत नाहीत. कधीपासून? बारा तारखेपासून. बाईंना वाटलं पेटी बिघडली, म्हणून माणूस बोलावला. त्याने पेटी उघडून बघितली, ठणठणीत.

मी म्हणालो, बघतो. घरी बसूनच बघितलं, लांबूनही जोडता येतं. बाईंच्या कॉम्प्युटरला जोडलं तर आधी एकमतने माझं मनःपूर्वक स्वागत केलं.

मग लक्षात आलं. पेटी रोज सकाळी येते, दार वाजवते, आणि तिला वाटतं आता समोरून ठरलेलं उत्तर येईल, की आकडे दे. त्याऐवजी समोरून येते ताऱ्यांची चौकट आणि मनःपूर्वक स्वागत. पेटी गोंधळते आणि परत जाते. आठवडाभर रोज आली, रोज स्वागत घेऊन गेली. समोर माणूस नसेल तर थांब असं जे फाइलीत लिहिलं होतं ते याचसाठी होतं, असं आता म्हणता येईल.

स्वागत काढलं. आकडे आले, शेवटच्या चार दिवसांचे. त्याआधीचे चार दिवस पेटीने स्वतःच पुसले होते.

हिला सांगितलं, मूळ दोष पेटीचा. चारच दिवस लक्षात ठेवणारी पेटी घ्यायचीच कशाला?

ही काही बोलली नाही. ही बोलते तेव्हा कसं वागायचं ते मला माहीत आहे. बोलत नाही तेव्हाचं माहीत नाही. दोनदा विचारलं, चहा करू का. दुसऱ्यांदा म्हणाली, "नको. फक्त आज तरी बाईंच्या मशीनला काही करू नकोस."

केलं नाही. संध्याकाळपर्यंत.

२२ फेब्रुवारी, रविवार

ही आणि सासरे सकाळीच लॅबमागच्या वाफ्यांवर गेले. आकडे गेले ते गेले, पण सगळ्या वाफ्यांतली माती उकरून, वजन करून, वाळवून पुन्हा वजन करायचं, म्हणजे निदान पेटीचे उरलेले आकडे बरोबर आहेत हे परीक्षकाला दाखवता येईल, असं बाईंनी सुचवलं. मला 'येतोस का' असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी जमलं नसतं. झेड-शेलच्या चाचण्या चालू होत्या.

दुपार टळून गेल्यावर परत आले. हिच्या कोपरापर्यंत माती. सासऱ्यांना पायऱ्या चढताना कठड्याला धरावं लागलं. म्हणाले, "जावईबापू, कंबर म्हणून काही असतं, हे आज कळलं."

मीही दिवसभर खुर्चीतच होतो. कंबर माझीही दुखते आहे. पण बोलून दाखवलं नाही.

२६ फेब्रुवारी

एकमत इंटरनेटवर जाहीर केलं. घरच्यांपुरतं ठेवणं स्वार्थीपणाचं झालं असतं.

हिने आज सरळच विचारलं. "मला एक सांग. हे एकमत नसेल तर आमचं काम अडेल, असं तुला वाटतं?"

प्रश्न चांगला होता. उत्तर द्यायला मला वीसेक मिनिटं लागली. आधी शेलचा इतिहास, मग पाथ, मग पोर आणि बाप. शेवटी वर बघितलं तर समोर सासरे बसले होते. म्हणाले, ती मघाशीच गेली, पण तुमचं चांगलं चाललं होतं म्हणून मी बसलो.

१ मार्च, रविवार, दुपारी १२.१०

झालं!

बॅश, झेड-शेल, फिश: तिन्हींत सगळ्या चाचण्या पास. जुनं म्हटलं की जुनं, नवं म्हटलं की नवं. सीडी एकदाच हाक मारतो. कुणाचं स्वागत होत नाही. तिन्ही शेल माझ्याच कॉम्प्युटरवर घातली आहेत हे खरं, पण कॉम्प्युटर इथूनतिथून सारखेच.

उद्या लॅबमध्ये जाऊन तिघांकडे नवी आवृत्ती बसवणार. हिला सांगितलं. ही म्हणाली, "उद्या नको, आकडेमोड चालू आहे."

कसली आकडेमोड? दोन्ही व्हर्जन एकत्र चालत नाहीत म्हणून तर सगळं अडलं आहे.

३ मार्च

अडलेलं नव्हतं.

हिच्याच तोंडून कळलं. हिने दोन्ही व्हर्जन दोन वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली आहेत आणि त्यांना दोन नावं दिली आहेत. एकाचं 'जुनं', एकाचं 'नवं'. जुनी आकडेमोड करायची तर हुकुमाच्या आधी जुनं लिहायचं. नवी चाचणी, तर नवं. बस. बदलायचं काही नाही, त्यामुळे शेलला काही सांगायचं नाही, त्यामुळे शेल कुठलंही असो. तिघांकडे चालतं.

विचारलं, कधी केलंस?

"तू सरप्राइज दिलंस त्याच संध्याकाळी. चहा ठेवला होता, उकळेपर्यंत झालं. तुला सांगत होते, तू म्हणालास, एक मिनिट."

मी तपासून बघितलं. पद्धत अगदीच प्राथमिक आहे. समजा उद्या व्हर्जन बारा झाली, तर? बारा नावं ठेवत बसणार?

ही म्हणाली, "दोनच आहेत रे."

आज दोन आहेत.

६ मार्च

एकमतमध्ये बारा व्हर्जनची सोय केली. चौथ्या एका शेलचीही केली. ते शेल वापरणारं माझ्या ओळखीचं कुणी नाही, पण मागणी निर्माण करावी लागते.

साहेबांचा फोन आला. मला वाटलं लिफ्ट अडकली. म्हणाले, रजा संपत आली, वाढवायची असेल तर खुशाल वाढवा.

९ मार्च

जेवण झाल्यावर ही पेपरचे छापलेले कागद घेऊन आली. म्हणाली, "एकदा वाचशील? विषयाबाहेरच्या कुणीतरी वाचायला हवं. कुठे अडखळायला होतं, तेवढंच सांग. तेराला बाईंकडे द्यायचाय."

म्हणालो, म्हणजे काय! उद्या सकाळी पहिलं काम तेच.

१० मार्च

सकाळी पहिलं काम चौथ्या शेलचं निघालं. कागद टेबलावर ठेवले आहेत, समोरच. दिसतात.

१२ मार्च

कागद टेबलावर नाहीत. सासऱ्यांकडे आहेत. चष्मा कपाळावर सरकवून, पेन्सिल घेऊन गॅलरीत बसले होते. विचारलं, समजतंय का? म्हणाले, "न समजलं तर तिथे खूण करायची, एवढंच काम आहे. ते जमतंय मला."

खुणा बऱ्याच दिसल्या. माझ्या कमी झाल्या असत्या.

१४ मार्च

पेपर गेला. मुदतीच्या आदल्या दिवशी. तिघांच्या कॉम्प्युटरवर आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले. ही लॅबमधून आली ती सोफ्यावर बसली आणि बसल्या बसल्या झोपली, पायांत चपला तशाच. सासऱ्यांनी पंखा बारीक केला.

मी अभिनंदन करायला थांबलो होतो. उठेल तेव्हा करतो.

१६ मार्च

पेपर वाचला. गेल्यावर का होईना. हिने विचारलं नव्हतं, आपणहून वाचला.

पहिल्यांदाच कळलं की ही नक्की काय करते. माती थोडी कोरडी झाली की गांडुळं मरत नाहीत, खाली जातात. ओलावा परत आला की कुठली वर येतात आणि कुठली येत नाहीत, आणि परत यायला किती दिवस घेतात, हे हिने तीन वर्षं मोजलं आहे. वाफा वाफा उकरून, हाताने. मला वाटायचं कॉम्प्युटरवर मोजते.

पद्धतीच्या भागात एक वाक्य आहे: 'संगणकीय अडथळ्यामुळे फेब्रुवारीतील चार दिवसांच्या नोंदी उपलब्ध नाहीत.'

दोनदा वाचलं. नाव घेतलेलं नाही. भाषा सभ्य आहे.

हिला म्हणालो, पेपर चांगला आहे. ही म्हणाली, "वाचलास?" मग विचारलं, "कुठे अडखळलास का?"

म्हणालो, एका ठिकाणी. ही म्हणाली, "ते तसंच राहू दे."

१९ मार्च

तिघांकडून एकाच दिवशी एकच मागणी आली. बाईंनी हिच्याकडे निरोप दिला, माशाने मेसेज केला, हिने समोर बसून सांगितलं: एकमत काढून टाकता येईल का? शेल उघडायला वेळ लागतो.

वापरणाऱ्या तिघांचं एखाद्या बाबतीत पहिल्यांदाच एकमत झालं.

पण काढायची सोय मी केलेली नव्हती. कुणी काढेल असं वाटलं नव्हतं.

२० मार्च

काढायची सोय लिहिली. सकाळी बसलो, जेवायच्या आधी संपली. बॅशमध्ये चालली. झेड-शेलमध्ये चालली. फिशमध्येही. पहिल्या फटक्यात, तिन्हींत, मागे एक ओळ न ठेवता. पुन्हा पुन्हा तपासलं, विश्वास बसेना.

हिला दाखवलं आणि विचारलं, तुझ्या लॅपटॉपवरून काढू का? हिने स्वतःचा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "घे. विचारलंस म्हणून."

हिच्या लॅपटॉपवरूनही निघालं. शेल उघडून बघितलं, पापणी लवायच्या आत आलं. ही म्हणाली, "हे मात्र छान केलंस हं."

साहेबांना कळवलं, सोमवारपासून येतो. म्हणाले, "बरं."

२१ मार्च, शनिवार

लॅबमध्ये जाऊन बाईंच्या आणि माशाच्या कॉम्प्युटरवरून एकमत काढलं. माशाने लगेच एका फोल्डरमध्ये शिरून बघितलं, मग दुसऱ्या, मग उगाचच तिसऱ्या. बाई म्हणाल्या, "अरे वा." या वेळी खरोखरच म्हणाल्या, असं मला वाटतं. फरक आत्ता कळला.

निघणार होतो. पण हिची वाफ्यांवरची मोजणी चालू होती आणि सासऱ्यांची कंबर अजून धरलेली, त्यामुळे ते आले नव्हते. हिने मला हाक मारली. वाफ्याच्या कडेला उकिडवं बसवलं आणि हातात एक पांढरा ट्रे दिला. म्हणाली, सरळ धर.

हिने ओंजळभर माती उचलली, बोटांनी फोडली आणि ट्रेमध्ये एक गांडूळ ठेवलं. मग आणखी एक. चांगली लांब होती. गुलाबी. इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितली.

मी विचारलं, ही वर आलेली की खालचीच?

ही म्हणाली, "मोजतेय. बोलू नकोस. हात हलवू नकोस."

बोललो नाही. हात हलवला नाही.

दुपारभर ट्रे धरला. काही बिघडलं नाही.